टाटपट्टीवरचा चेंडू

सायकलच्या पंपाने मी वर्गात चेंडू फुगवला त्या दिवशी शाळेत दुसरं काहीच शिकवून झालं नाही. निळ्या रंगाचा, पंचेचाळीस सेंटिमीटर व्यासाचा, व्यायामशाळेत असतो तसला चेंडू. साडेसहाशे रुपये मोजून मी तो ऑनलाइन मागवला होता. खिडकीत, दारात, व्हरांड्यात इतर वर्गांची पोरं जमली. आमचे शिपाईमामा बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "सर, ये किसके वास्ते?"

मी म्हणालो, "बसण्यासाठी."

"बैठने के वास्ते जमीन कम पड़ी क्या?"

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. या लेखात मी त्यालाच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो आहे. उत्तर थोडं लांबलचक आहे, कारण ते शोधता शोधता मी इटलीपासून साताऱ्यापर्यंत आणि वर्ध्यापासून आमच्याच मोहल्ल्यातल्या मशिदीपर्यंत जाऊन आलो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवतो. चौथीपर्यंतची मुलं टाटपट्टीवर बसतात, पाचवीपासून बाकं. तीन वर्षांपूर्वी चौथीत एक मुलगा होता, त्याचं नाव इथे लिहीत नाही. बाप जिनिंगमध्ये हमाल, आई घरी शिवणकाम करते. हुशार पोरगा, तोंडी हिशोबात वर्गात पहिला. पण त्याचं बूड जमिनीला टेकत नसे. बसला की गुडघ्यावर, गुडघ्यावरून उकिडवा, उकिडव्यावरून शेजाऱ्याच्या अंगावर, तिथून दाराशी. मी ओरडलो, रागावलो, पुढे बसवलं, मागे बसवलं, भिंतीशी बसवलं. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मारायला बंदी केली आहे आणि ती योग्यच आहे, पण उठाबशा काढायला लावणं म्हणजे मारणं नव्हे अशी आम्हा शिक्षकांची एक सोयीस्कर समजूत असते. मी त्याला उठाबशा काढायला लावल्या. हलतो म्हणून आणखी हलायची शिक्षा! त्या वेळी यातला विनोद माझ्या लक्षात आला नाही. उठाबशा काढून झाल्या की तो पोरगा पंधरा-वीस मिनिटं छान लिहायचा. तेही माझ्या लक्षात आलं नाही.

वर्णनात्मक नोंदींच्या वहीत 'अडथळ्यांच्या नोंदी' असा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं, 'एका जागी बसत नाही. अभ्यासात लक्ष नाही.' पहिल्या सत्राच्या शेवटी आई शाळेत आली, तेव्हा तिने सगळ्यात आधी तेवढंच वाचून घेतलं आणि विचारलं, "सर, इसको पढ़ना नई जमता क्या? इसके मामू का वेल्डिंग का दुकान है. उधर डालूं क्या?" नऊ वर्षांचं लेकरू, आणि माझ्या दोन ओळींवर त्याचा फैसला व्हायला निघाला होता. मी घाबरलो. विशेष शिक्षक आमच्या केंद्रात महिन्यातून एकदोनदा येतात, त्यांच्याशी बोललो. त्यांनी सांगितलं, नागपूरला नेऊन दाखवा.

तिथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी फार काही विचारलं नाही. एका मोठ्या चेंडूवर त्याला बसवलं, पुढे टेबल ठेवलं आणि मणी ओवायला दिले. पोरगा बसल्या बसल्या हलके हलके उसळत होता आणि मणी ओवत होता. वीस मिनिटं! मी घड्याळ लावून बसलो होतो. बाई म्हणाल्या, "सर, याचं अंग हललं की याचं डोकं थांबतं. तुम्ही अंग थांबवता, मग डोकं पळतं." परत येताना कळंबच्या पुढे एसटीतच मी मोबाईलवरून चेंडू मागवला.

मग मी या चेंडूचा इतिहास वाचायला लागलो. बीएडला आम्हाला शिक्षणाचा इतिहास होता, त्यात रूसो होता, फ्रोबेल होता, मोंटेसरीबाई होत्या, पण मुलं कशावर बसत होती याचा एकही धडा नव्हता.

हा चेंडू इटलीचा. अक्विलिनो कोसानी नावाच्या प्लास्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या कारखानदाराने १९६३ च्या सुमारास मोठे, जाड, सहज न फुटणारे चेंडू तयार केले. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये मेरी क्विंटन या ब्रिटिश फिजिओथेरपिस्ट डॉ. एल्सबेथ क्योंग यांच्यासोबत मेंदूला इजा झालेल्या तान्ह्या बाळांवर उपचार करत. त्यांनी हा चेंडू उचलला. बाळाला पोटावर चेंडूवर झोपवायचं आणि हलकेच पुढे-मागे झुलवायचं, म्हणजे मान सावरायला ते आपोआप शिकतं. बाझेल शहरात सुझान क्लाइन-फोगेलबाख यांनी तो मोठ्या माणसांच्या पाठीच्या आणि सांध्यांच्या दुखण्यांसाठी वापरला. अमेरिकेतून शिकायला आलेल्या थेरपिस्टांनी तो स्वित्झर्लंडमध्ये पाहिला, म्हणून इटलीच्या चेंडूचं नाव 'स्विस बॉल' पडलं. नावांच्या बाबतीत असा अन्याय जगात सगळीकडेच होतो.

तो शाळेत शिरला तोही त्याच मुलखात. स्विस क्रीडाशिक्षक उर्स इली आणि त्यांच्यासारख्या काही जणांनी म्हणायला सुरुवात केली, की मुलांना दिवसाचे पाच-सहा तास बसवून ठेवणं हे स्वतःच एक ओझं आहे. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंड-जर्मनीत 'हलती शाळा' अशा अर्थाची एक चळवळच उभी राहिली. काही वर्गांत खुर्च्यांच्या जागी चेंडू आले. तिथे कारण होतं पाठीचं. अमेरिकेत तो पोहोचला तेव्हा कारण बदललं. तिथे तो चंचल मुलांचा चेंडू झाला. २००३ मध्ये अमेरिकेच्या ऑक्युपेशनल थेरपीच्या नियतकालिकात डेनिस शिलिंग आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. चौथीच्या एका वर्गातली, लक्ष टिकत नसलेली तीन मुलं चेंडूवर बसवली, तेव्हा ती जागेवर जास्त वेळ टिकली आणि त्यांचं लिहिणं जास्त वाचनीय झालं.

तीन मुलं. आम्ही शिक्षक लोक 'संशोधनातून सिद्ध झाले आहे' हे वाक्य फार सढळ हाताने वापरतो. २०१० मध्ये स्वमग्नता असलेल्या सहा मुलग्यांवर असाच अभ्यास झाला, तेव्हा कुणाला फायदा झाला, कुणाला नाही, एखाद्याचं उलट बिनसलंच. म्हणजे चेंडू हा तावीज नव्हे. ज्याला मानवेल त्याला मानवेल.

हे वाचता वाचता एक नाव समोर आलं आणि मी थबकलो. मुलांच्या हालचालीकडे दुखणं म्हणून न बघता उपचार म्हणून बघणारी ही विद्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, आपल्याकडे आणली ती एका मराठी घरातल्या सुनेने. एलिझाबेथ लुंडी ही अमेरिकन क्वेकर मुलगी विष्णू निंबकरांशी लग्न करून मुंबईत आली आणि कमला निंबकर झाली. १९५० मध्ये त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं विद्यालय काढलं, आशियातलं पहिलं. दुसरं १९५८ मध्ये, आमच्या नागपूरला. फलटणला मॅक्सिन बर्नसनबाईंनी १९८० च्या दशकात जी मराठी शाळा उभी केली तिचं नाव 'कमला निंबकर बालभवन', ते याच बाईंचं. मी त्या शाळेबद्दल, तिथल्या वाचन शिकवण्याच्या पद्धतीबद्दल अनेक वर्षं ऐकत होतो. त्या नावामागची बाई आणि माझ्या टाटपट्टीवरचा चेंडू यांचं नातं मला तेव्हा कळलं.

आता त्या पहिल्या दिवसाकडे येतो. चेंडू फुगला. पोरगा ऐटीत वर बसला. आणि दोनच मिनिटांत मला माझी चूक कळली. नागपूरला त्याच्यासमोर टेबल होतं. इथे बत्तीस पोरं जमिनीवर, वह्या मांडीवर, आणि हा एकटा वर, लग्नातल्या नवऱ्या मुलासारखा. लिहायचं कशावर? मांडीवर वही ठेवली की चेंडू सरकायचा. मागच्यांना फळा दिसेना. "सर, मेरे कू बी!" असा एकच गिल्ला. मधल्या सुटीपर्यंत वर्गातल्या प्रत्येकाला कसला ना कसला आजार झालेला होता, ज्यावर चेंडू हाच इलाज होता.

गोष्ट साधी होती. हा चेंडू खुर्चीची जागा घेण्यासाठी बनला आहे. तो जिथून आला तिथे खुर्ची आणि टेबल आधीपासून आहे, इतकं की मुलाला त्यातून सोडवायला काहीतरी लागलं. आमच्याकडे ते बांधणारं बाकच नव्हतं, मग सोडवायचं काय? आणि तरीही माझ्या वर्गातलं पोर बांधलेलं होतं, हे तर खरंच. मग बांधलं कुणी?

मुलाला बाकात बसवण्याची गोष्ट फार जुनी नाही. आणि गंमत अशी, की तिचं एक टोक आपल्याच मातीत आहे. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासजवळ एग्मोरला सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवत होता. गावातल्या मुलांना त्याने जमिनीवर वाळू पसरून बोटाने अक्षरं गिरवताना पाहिलं. आपण त्यालाच धुळाक्षरं म्हणतो, आपली धूळपाटी ती हीच. बेलने ती युक्ती आणि मोठ्या मुलाने धाकट्यांना शिकवायची रीत उचलली आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका छापली. जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये याच धर्तीवर शेकडो मुलं एका दालनात शिकवायला सुरुवात केली. पण एक बदल केला. मुलं जमिनीवर नाहीत, रांगेने मांडलेल्या लांबच लांब बाकांवर, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. धाकट्यांसाठी वाळू होतीच, पण तीही मेजावर! आपली धूळपाटी विलायतेला गेली आणि बाकावर चढून बसली.

पुढे त्या बाकांचे परिणाम दिसायला लागले. जर्मनीतल्या ब्रेस्लाउ शहरात (आता ते पोलंडमध्ये आहे) हेरमान कोन या नेत्रवैद्याने १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि १८६७ मध्ये निष्कर्ष छापले. जसजशी इयत्ता चढते तसतसं जवळचं तेवढंच दिसण्याचं प्रमाण वाढतं, आणि त्याला वाईट उजेडाइतकेच वाईट बाकही जबाबदार आहेत, असं त्याचं म्हणणं. मग युरोपात बाकाची उंची, उतार, पाठीचा टेका यावर डॉक्टर आणि सुतार मिळून डोकी फोडू लागले. मुलाला उठू द्यावं, हे मात्र फार थोड्यांना सुचलं. मारिया मोंटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह काढलं तेव्हा त्यांनी ते जमिनीला ठोकलेले बाक सरळ बाजूलाच केले. मुलं स्वतः उचलू शकतील अशी हलकी टेबलं-खुर्च्या आणि जमिनीवर चटया, एवढंच ठेवलं.

आमच्या वऱ्हाडात १८५३ नंतर इंग्रजांचा कारभार आला आणि मराठी शाळांबरोबर 'हिंदुस्थानी' शाळाही निघाल्या. आज आम्ही ज्यांना उर्दू शाळा म्हणतो त्यांचे ते आजोबा. यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, १९०५ पर्यंत. पण बाक ही चैन होती, ती हायस्कुलाच्या वाट्याला. गावच्या शाळेत पोरं जमिनीवरच. माझ्या लहानपणीसुद्धा आम्ही घरून पोतं न्यायचो. अब्बा कापसाच्या मार्केटमध्ये होते, त्यामुळे माझ्याकडे सरकीच्या बारदान्याचा चांगला जाडजूड तुकडा असे आणि मला त्याचा मोठा गर्व होता. शाळा सुटली की सगळी पोती एका कोपऱ्यात पडायची, सकाळी ज्याच्या हाती जे लागेल ते.

म्हणून जमिनीवर बसणं म्हणजे समता, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. ते खरं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लहानपणाबद्दल लिहिलं आहे, की वर्गात त्यांना गुणांच्या क्रमाने इतरांमध्ये बसता येत नसे, एका कोपऱ्यात वेगळं बसावं लागे. बसायला गोणपाटाचा वेगळा तुकडा होता. शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचं नाव दाखल झालं, तो दिवस आपण २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. दर वर्षी मी वर्गात त्या गोणपाटाबद्दल सांगतो. ज्या वर्षी चेंडू आणला त्या वर्षी सांगताना मी मधेच अडखळलो. माझ्या वर्गातही एक पोर होतं, ज्याला मी सगळ्यांपासून वेगळं, भिंतीशी, एकटं बसवलं होतं. कारण वेगळं होतं, अन्यायाच्या मापात दोन्ही गोष्टी एका तराजूत घालण्याचा गाढवपणा मी करणार नाही. पण बसण्याची जागा हे मुलाला त्याची पायरी दाखवण्याचं हत्यार आहे, हे मला तेव्हा स्वतःच्या हातात ते हत्यार दिसल्यावर कळलं.

एक वाट मात्र आमच्या अगदी शेजारून गेली होती. वर्धा जिल्हा आमचा शेजारी, नदीच्या पलीकडे. तिथे २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नई तालीमचा आराखडा या समितीने लिहिला. झाकिरसाहेब पुढे राष्ट्रपती झाले हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या अहवालातलं वेळापत्रक फारसं कुणी पाहत नाही. शाळेचे साडेपाच तास. त्यातले तीन तास वीस मिनिटं हातांचं काम, म्हणजे कताई, विणकाम, शेती, सुतारकाम असं एखादं. मातृभाषेला चाळीस मिनिटं. आणि शारीरिक शिक्षणाला? फक्त दहा मिनिटं. मी प्रथम वाचलं तेव्हा वाटलं छापण्यात चूक झाली. मग उलगडलं, ज्या मुलाचा निम्म्याहून जास्त दिवस हातपाय हलवण्यात जातो त्याला वेगळा पीटीचा तास कशाला? हिशेब, भाषा, विज्ञान हे त्या कामातूनच यायचं होतं. या योजनेवर मुस्लिम लीगने टीका केली, इतरांनीही केली, आणि सूत विकून शाळेचा खर्च निघेल ही कल्पना तर मलाही पटत नाही. तीन तास वीस मिनिटं सूत कातणं ही लहान पोरासाठी शिक्षाच होऊ शकते. पण मुलाच्या अंगाला शाळेत काहीतरी काम हवं, एवढं तरी त्या वेळापत्रकाला माहीत होतं. याच झाकिरसाहेबांनी उर्दूत 'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्ट लिहिली, डोंगरावर मोकळं राहण्यासाठी दोरी नाकारणाऱ्या बकरीची. आमच्या पोरांना ती फार आवडते. वाचून दाखवताना मी त्यांना 'हलू नका' म्हणत असे.

ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात तर शाळा कुरणात गेली आणि तिचं नाव कुरणशाळा पडलं. गुरं चरताहेत, पोरं त्यांच्या मागे फिरताहेत आणि शिकताहेत. तिथे बसायला काय दिलं हा प्रश्नच उद्भवला नाही.

अगदी अलीकडे, सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या प्रयत्नातून जिल्हा परिषदेच्या शाळांनी फरशीवरच आकडे, अक्षरं, वर्तुळं रंगवली, भिंतींच्या बुडाशी मुलांच्या हाताला येतील असे फळे केले. मुलं गोल करून बसू लागली, सरकत, लोळत, उठत शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले, आणि २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाल्यावर गावोगाव फरशा रंगल्या. आमच्या शाळेतही रंगल्या. रंग उडाला, पण उर्दूतला 'नौ' आणि मराठीतला 'नऊ' शेजारी शेजारी रंगवलेली एक फरशी अजून ओळखू येते. गावकऱ्यांना मात्र हे फारसं रुचलं नाही. कारण पालकांचं स्वप्न बाकाचं आहे. इंग्रजी शाळेच्या पत्रकावर पहिला फोटो बाकांचा असतो. ज्या माणसाने जन्मभर पोत्यावर बसून पाठ मोडून घेतली त्याला आपलं लेकरू बाकावर बसलेलं पाहायचं असतं, आणि त्याला 'स्वित्झर्लंडमध्ये खुर्च्या काढून टाकताहेत' असं सांगणं हा उद्धटपणा होईल. मुंबईच्या 'आरंभ' संस्थेने काही वर्षांपूर्वी टाकाऊ पुठ्ठ्याच्या खोक्यांपासून एक घडीचं मेज केलं, बंद केलं की दप्तर, उघडलं की जमिनीवर बसून लिहायचं छोटं डेस्क. मला ते फार शहाणपणाचं वाटतं. पाठ वाकत नाही आणि पोर बांधलंही जात नाही.

आता मशिदीची गोष्ट. चेंडूचा प्रयोग फसला होता. चेंडू आठवडाभर कोपऱ्यात, मग ऑफिसात. जानेवारीतल्या एका सकाळी मी फजरच्या नमाजनंतर जरा रेंगाळलो. मकतब भरलं होतं. चटयांच्या दोन ओळी, समोर लाकडी रेहल, रेहलवर कुरआन, आणि पंचवीस-तीस पोरं पुढे-मागे डोलत, आपापला सबक मोठ्याने घोकत होती. त्या ओळीत तो होता. मी खांबाच्या आडून बघत राहिलो. अर्धा तास, पाऊण तास. मांडी घातलेली, पाठ ताठ, डोळे रेहलवर आणि अंग एका लयीत पुढे-मागे, पुढे-मागे. एकदाही उठला नाही. हाफिजजींना मी नंतर विचारलं, हा तुम्हाला त्रास देत नाही? ते म्हणाले, "ये? ये तो मेरा सबसे पक्का बच्चा है."

मी स्वतः याच मशिदीत असाच डोलत शिकलो होतो. माझं अंग ते विसरलं नव्हतं, माझी बीएडची पदवी विसरली होती.

घरी येऊन शोधू लागलो. हे डोलणं केवळ आमचं नव्हे. ज्यू मुलं तोरा वाचताना असंच डोलतात. बाराव्या शतकात अंदलुसमधल्या यहूदा हालेवी या ज्यू कवीने आपल्या अरबी ग्रंथात त्याचं कारणही देऊन ठेवलं आहे. एकाच मोठ्या पोथीतून दहा-दहा जणांना वाचावं लागे, म्हणून प्रत्येक जण पाळीपाळीने पुढे वाकायचा, ओळ वाचायचा, मागे व्हायचा, आणि तीच सवय झाली. पुस्तकांची टंचाई असलेल्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाला हे कारण लगेच पटतं. आपल्याकडे वेदपाठशाळेत ऋग्वेदाचे विद्यार्थी स्वरानुसार मान खाली-वर करतात, यजुर्वेदाचे हात हलवतात, आणि गुरुजी सुरुवातीला मुलाचं डोकं धरून ती हालचाल शिकवतात. संध्याकाळी परवचा म्हणणारी पोरं 'बे एके बे, बे दुणे चार' डोलतच म्हणायची. म्हणजे जिथे जिथे तोंडपाठ करायचं होतं तिथे तिथे अंगाला कामाला लावलं होतं. घोकंपट्टीला आम्ही प्रशिक्षणांमध्ये एवढी नावं ठेवली, आणि ती बरोबरच ठेवली, पण तिच्यासोबत डोलणंही वर्गाबाहेर टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला मी त्याला म्हटलं, "वाच. जैसा मकतब में पढ़ता है, वैसा हिल के पढ़." त्याने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, ही नवी शिक्षा तर नाही ना म्हणून. मग हळूच सुरुवात केली. मराठीचं वाक्य कुरआनच्या लयीत बसत नाही, पहिले दोन दिवस तो कर्त्याशी डोलायचा आणि क्रियापदाशी अडकायचा. तिसऱ्या आठवड्यात एक अख्खा धडा वाचला. लिहिण्यासाठी मी त्याला खिडकीच्या कट्ट्यापाशी उभं राहायची मुभा दिली, कट्टा त्याच्या छातीशी येतो. त्याच्या बघण्यातून आणखी दोन पोरं तिथे जायला लागली, एक मुलगी तर फारच शांत, जिला मी कधी चंचल समजलो नव्हतो. वर्गात गोंधळ वाढला का? वाढला. बाजूच्या वर्गाच्या मॅडमनी दोनदा तक्रार केली. काही दिवशी तो तरीही दाराशी पळाला. तावीज चेंडूही नव्हता आणि हेही नव्हे.

चेंडूचं काय झालं तेही सांगतो. एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. ऑफिसच्या पत्र्याखाली तो अजून फुगला, मग मऊ पडला. सुटीत कुणीतरी मैदानात नेला आणि बाभळीच्या काट्याने त्याचा निकाल लावला. सहज न फुटणारा म्हणून कोसानीसाहेबांनी बनवला होता खरा, पण त्यांनी यवतमाळची बाभूळ पाहिलेली नव्हती. शिपाईमामांनी तो पंक्चरवाल्याकडे नेऊन पाहिला. तो म्हणाला, ट्यूब असती तर काही केलं असतं.

तो मुलगा आता सातवीत, बाकावर बसतो. बाकावरही डोलतो, त्यामुळे शेजाऱ्याचं अक्षर वाकडं येतं आणि मला दर आठवड्याला तंटा सोडवावा लागतो. आई अधूनमधून भेटते. वेल्डिंगचा विषय पुन्हा निघाला नाही. या सत्राच्या नोंदी लिहिताना मी त्याच्या पानावर अडथळ्यांचा रकाना कोरा ठेवला आणि 'आवड व छंद' यात लिहिलं, 'डोलत वाचतो.' मुख्याध्यापकांनी सही करताना ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "सर, हा कसला छंद?" मी म्हटलं, सांगतो, चहा मागवा.